दुसऱ्या हाताचा भोंगा

भोंगा थांबला तेव्हा आम्ही चौकीत पेढे खात होतो.

“उतरलं पाणी,” पाटबंधारे खात्याचे दिवेकर साहेब म्हणाले आणि त्यांनी पुड्यातला आणखी एक पेढा उचलला. “बघा हरिबा, खांद्याला त्रास नाही, काही नाही. चढलं तसं वाजलं, उतरलं तसं थांबलं.”

मी हसलो. तारणी नदीवरच्या त्या बंधाऱ्यावर, त्या एका खोलीच्या चौकीत माझी उमर गेली होती, आणि आज माझ्या हातभोंग्याला निरोप होता. त्याचा लोखंडी दांडा काढून टेबलावर ठेवला होता. दांड्याला झेंडूचा हार, वर कुंकवाचं बोट. शेजारी नवा कॉम्प्युटर, त्यालाही हार. नारळ कुणी फोडायचा यावरून साहेब आणि मृण्मयीबाई एकमेकांना ‘तुम्ही फोडा, तुम्ही फोडा’ करत राहिले, शेवटी मीच फोडला.

बंधाऱ्याच्या खाली तारणी रुंद होते. उन्हाळ्यात पाणी आकसलं की आम्ही भोई लोक त्या वाळूत वाड्या करतो. कलिंगड, खरबूज, काकडी. माझ्या बायकोची, ठकूची वाडी सगळ्यांच्या पलीकडे, नदीच्या मधोमध वाळूच्या बेटावर होती. वाळू मऊ, ओल चांगली, फळ साखरेसारखं. फक्त एक भीती. उन्हाळ्यात वरच्या धरणातून खालच्या गावांसाठी आवर्तनाचं पाणी सोडतात, ते आलं की बेटाला वेढा पडतो.

त्यासाठी भोंगा. बंधाऱ्याच्या खांबावर तांबडा पट्टा रंगवलेला होता. पाण्यानं पट्टा गाठला की मी दांडा फिरवायला लागायचो, आणि पाणी पट्ट्याखाली जाईपर्यंत थांबायचो नाही. हात दुखला तर हात बदलायचा, पण आवाज तुटू द्यायचा नाही. वाडीवरच्या माणसांना आणखी काही सांगावं लागत नसे. वाजला की वर या, थांबला की खाली जा. माझ्या बापाच्या काळापासून हेच चालत आलेलं. पोरं चालायला लागायच्या आधी एवढं शिकायची.

त्या दिवशी सकाळी आवर्तनाचं पाणी आलं आणि नव्या विजेच्या भोंग्यानं पहिल्यांदा आवाज दिला. माझ्या भोंग्यापेक्षा मोठा, एका सुराचा. खिडकीतून मी बघितलं, सगळ्या वाड्या रिकाम्या करून लोक काठावरच्या चिंचेखाली जमले. ठकूचं पिवळं लुगडं त्यांच्यात होतं. मला फार बरं वाटलं. चहा झाला, नारळ झाला, पेढे निघाले. आणि मग तो थांबला.

मृण्मयीबाई पेढा खात नव्हत्या. पडद्याकडे बघत होत्या.

“साहेब, हा आकडा बघा.”

“किती आहे?”

“एकशे दोन.”

“आणि धोक्याची खूण?”

“पंच्याण्णव.”

साहेबांच्या हातातला पेढा हातातच राहिला. मला तेव्हा आकडा वाचता येत नव्हता. मी खिडकीतून खांब बघितला. तांबडा पट्टा दिसेना. एवढा ठसठशीत पट्टा गेला कुठं, हे मला क्षणभर कळलंच नाही. मी वेड्यासारखा खांबाच्या टोकाकडे, दुसऱ्या खांबाकडे शोधत राहिलो. मग कळलं. पट्टा पाण्याखाली होता.

“मग तो थांबला का?” साहेब म्हणाले.

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे काय, मॅडम? तुम्हीच केलंय ना ते?”

“मला माहीत नाही,” त्या परत म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

मी काठाकडे बघितलं. चिंचेखाली कुणी नव्हतं. लोक रांगेनं वाड्यांवर निघाले होते, भोंगा थांबल्यावर निघतात तसे, गप्पा मारत, रमतगमत. सगळ्यांच्या पुढं पिवळं लुगडं होतं. ते बेटाच्या उथळ पाण्यात उतरलंसुद्धा होतं.

ठकूला घाई का होती, ते मला ठाऊक होतं.

मृण्मयीबाई शहरातल्या कंपनीतून कॉम्प्युटरचं काम करायला आल्या होत्या. त्यांचं नाव तेव्हा माझ्या जिभेला झेपेना, म्हणून मी बाईसाहेब म्हणायचो. ठकू मात्र पहिल्याच दिवशी ‘मुने’ म्हणून मोकळी झाली. चौकीत जेवणाची सोय नव्हती. पोरगी बिस्किटं खाऊन दिवस काढते म्हटल्यावर ठकूनं तिला दुपारची वाडीवर बोलवायला सुरुवात केली. भाकरी, सुकटीची चटणी, काकडी. एकदा जेवता जेवता ठकूनं विचारलं,

“मुने, तू दिवसभर त्या डब्याशी काय गं बोलतेस?”

“मावशी, तो डबा म्हणजे कोठी आहे. पाण्याचे सगळे आकडे त्यात साठतात. डेटाबेस म्हणतात त्याला. त्याला सारखं विचारावं लागतं, पाणी खुणेच्या वर गेलं का? हो म्हणाला की भोंगा चालू, नाही म्हणाला की बंद.”

“मग विचारायचं. त्यात दिवस घालवण्यासारखं काय आहे?”

“त्याला आपली भाषा कळत नाही ना. आपला प्रश्न त्याच्या भाषेत जुळवून देणारं एक अवजार आहे आमच्याकडे. ते फार संथ होतं, दर वेळी तोच प्रश्न नव्यानं जुळवत बसायचं. मी आता असं केलंय, की एकदाच जुळवायचा आणि तोच परत परत वापरायचा. शिवाय जास्तीचे शब्द काढून टाकलेत.”

“जास्तीचे म्हंजे?”

“जी गोष्ट एकदा सांगून झाली, तीच पुन्हा सांगणारे.”

“अगं, दोनदा सांगावंच लागतं,” ठकू म्हणाली. “ह्यांना तर चारदा सांगितल्याशिवाय काही कळत नाही.”

बाई खूप हसल्या. मीही हसलो. मग ठकूनं तिला माझ्या भोंग्याची टवाळी ऐकवली. म्हणाली, “ह्यांचा भोंगा मी झोपेत ओळखीन. उजवा खांदा धरलेला आहे ना, म्हणून दर फेरीला उचकी लागल्यासारखा होतो. कधी न्याहारी न करता गेले तर तेही कळतं. रडका वाजतो.”

“काही बोलतेस,” मी म्हणालो.

“गप्प बसा. मला कळतं.”

वाडीतल्या एका वेलाला हंगामाचं पहिलं फळ धरलं होतं. ठकूनं त्यावर गवत झाकून ठेवलं होतं, कावळ्याची नजर नको म्हणून. ते बोटानं वाजवून तिनं बाईंना सांगितलं, “हे तुझं. तुझं मशीन चालू होईल त्या दिवशी मी स्वतः आणून देणार.” आणि त्या दिवशी सकाळी घरातून निघताना तिनं मला बजावलं होतं, “पोरीला लगेच जाऊ देऊ नका. फळ आणते.”

म्हणून ती सगळ्यांच्या पुढं होती.

साहेब धावत भिंतीकडे गेले. विजेच्या भोंग्याला एक लाल बटण होतं, हातानं वाजवायचं. त्यांनी दाबलं. भोंगा ‘भों’ करून ओरडला आणि लगेच गप्प झाला. परत दाबलं. परत ओरडला, परत गप्प.

“बंद का होतोय?”

“मशीन बंद करतंय,” मृण्मयीबाई म्हणाल्या. “त्याला वाटतंय पाणी कमी आहे. आपण चालू केला की ते बंद करतंय.”

“मग ते मशीन बंद करा!”

“मशीन बंद केलं तर भोंग्याची वीज पण जाते.”

खाली माणसं थबकली. वर बघायला लागली. मग कुणीतरी हात हलवला आणि ती परत चालायला लागली. नवा भोंगा आहे, पोरासोरांसारखा वाजवून बघताहेत, असं त्यांना वाटलं असणार. पिवळं लुगडं थांबलंच नव्हतं. ते आता बेटावर चढून झोपडीच्या आड गेलं होतं.

मी खरं तर दांडा उचलायला हवा होता. मला दिसत होता तो, हातभर अंतरावर, हारातला. पण माझे पाय जमिनीतून निघेनात. तोंडात पेढा होता, तो गिळता येईना आणि थुंकता येईना. माणसाला असा धक्का बसतो तेव्हा तो ओरडतो, रडतो, असं मी ऐकलं होतं. मला काहीच झालं नाही. मी नुसता उभा.

दांडा मृण्मयीबाईंनी उचलला. हार ओरबाडला, तशी झेंडूची फुलं सगळ्या चौकीत उडाली. त्या बाहेर धावल्या. हातभोंगा बाहेरच्या ओट्यावर होता. दांडा बसवायला त्यांना जमेना, साहेबांनी धरला आणि त्यांनी दोन्ही हातांनी फिरवायला सुरुवात केली. भोंगा आधी घोगरा झाला, मग चढला, मग पडला, मग एकदम किंचाळला.

त्या आवाजानं माझे पाय सुटले. मी घाटाच्या पायऱ्यांवरून खाली पळत सुटलो.

वाटेत लोक उलटे वर येत होते. आमच्या आळीतला शिदू समोर आला, डोक्यावर पंप घेऊन. मी त्याला धरलं.

“ठकू कुठंय?”

“वहिनी पुढं होत्या. आल्या नाहीत का?”

मी त्याला ढकलून खाली गेलो. मघाशी ठकू गेली तेव्हा जे पाणी घोट्याइतकं होतं, ते आता माझ्या मांडीला लागलं. नुसतं आवर्तनाचं पाणी नव्हतं ते. वर डोंगरात गारांचा पाऊस झाला होता आणि वाटेतले सगळे ओढे नदीत उतरले होते. हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की पाण्याचा रंग चहासारखा आहे. आवर्तनाचं पाणी निवळ असतं.

बेटावर पोचेपर्यंत झोपडीत पाणी शिरलं होतं. मी हाका मारल्या. झोपडीच्या मागं गेलो. गवत झाकलेला वेल जिथं होता तिथं गेलो. गवत बाजूला पडलं होतं, फळ नव्हतं. ठकू नव्हती. पाण्यावर तिची चुंबळ तरंगत होती.

मग वेल सुटले. पाण्याखालची वाळू सरकली आणि सगळ्या वाड्यांमधली कलिंगडं एकदम वर आली. हिरवी, गोल, अर्धी बुडालेली. ती माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत निघाली आणि प्रत्येक फळ मला माणसाचं डोकं वाटायला लागलं. मी एकाकडे झेपावलो, दोन्ही हातांनी धरलं. कलिंगड. ते सोडून दुसरं धरलं. कलिंगड. किती धरली, कोण जाणे. मी प्रत्येकाला ठकू म्हणत होतो.

शिदूनं होडी घातली नसती तर मी तसाच धरत धरत गेलो असतो. त्यानं मला गळपट्टीला धरून ओढून घेतलं.

“मला सोड,” मी म्हणालो. “ती खाली गेली असणार. खाली चल.”

“हरिबादा, पाणी बघ. आता खाली जाता येत नाही.”

“तुझी असती तर गेला असतास.”

त्यानं वल्हं मारत होडी काठाला आणली आणि मला हात देऊन उतरवलं. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. ठकूनं त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं होतं.

वर भोंगा वाजतच होता. मी पायऱ्या चढायला लागलो. का चढतोय ते मला माहीत नव्हतं. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून. डोक्यात एकच गोष्ट चालली होती, की हे त्या पोरीला कसं सांगायचं. तुझ्यासाठी फळ आणायला गेली, हे सांगायचं का नाही सांगायचं. अर्ध्या पायऱ्या चढल्यावर मला जाणवलं की भोंगा बदललाय. मघाचा किंचाळणारा, पडणारा आवाज गेला होता. आता तो एका लयीत होता, दळताना जातं फिरतं तसा.

ओट्यावर आधी मृण्मयीबाई दिसल्या. भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. तळहात वर केलेले, दोन्हींवरची सालं निघालेली. मांडीवर एक मोठं कलिंगड.

आणि दांडा ठकू फिरवत होती. पिवळं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, पदर खोचलेला.

मी तिथंच पायरीवर बसलो.

तिनं मला बघितलं. हात थांबवला नाही. “भिजून आलात?” ती म्हणाली. “कुठं फिरताय? इथं पोरीच्या हाताची चाळण झाली आणि हे नदीवर!”

मी एकदा दांड्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होतो.

“साहेब, यांना पाणी द्या हो,” ती म्हणाली. “असं काय बघताय?”

“तू… बेटावर गेली होतीस.”

“गेले होते. फळ तोडलं आणि भोंगा सुरू झाला. तो तुमचा नव्हता.” आता तिचा आवाज जरा हलला, पण दांडा फिरतच राहिला. “तुमचा हात नव्हता तो. हातभोंगा वाजतोय आणि हात दुसऱ्याचा. म्हटलं, हे पडले. छातीत कळ आली, नाहीतर बंधाऱ्यावरनं खाली गेले. म्हणून कुणी दुसरं वाजवतंय. मी पाण्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हशींच्या वाटेनं तशीच पळत आले. फळ काखेत आहे हे मला इथं आल्यावर कळलं.”

मी घाटानं उतरत होतो तेव्हा ती बाभळींच्या मागून, म्हशींच्या वाटेनं चढत होती.

साहेबांनी तांब्या पुढं केला. मी निम्मं पाणी प्यालो, निम्मं सांडलं. मग मी उठलो आणि ठकूच्या हातातून दांडा घेतला. ती सोडायला तयार नव्हती. शेवटी आम्ही दोघांनी मिळून फिरवला. पट्टा पाण्यातून वर येईपर्यंत.

त्या दिवशी कुणी माणूस गेलं नाही. वाड्या सगळ्या गेल्या.

संध्याकाळी मृण्मयीबाईंना कारण सापडलं. हाताला पट्ट्या बांधलेल्या, एका बोटानं कळा दाबत त्या शोधत होत्या. सापडल्यावर त्या ओरडल्या नाहीत. खुर्ची मागं सरकवून उभ्या राहिल्या आणि पडद्यापासून लांब गेल्या, विंचू दिसल्यावर माणूस सरकतो तशा.

“काय झालं गं?” ठकूनं विचारलं.

“मावशी, तो आकडे वाचतच नव्हता. नावं वाचत होता.”

“म्हंजे?”

“शाळेत हजेरीची नावं लावताना पहिलं अक्षर बघतात ना, नाव केवढं लांब आहे ते बघत नाहीत. तसं. पंच्याण्णव लिहिताना आधी नऊ येतो, एकशे दोन लिहिताना आधी एक येतो. एक नवाच्या आधी. म्हणून त्याच्या मते एकशे दोन लहान. नव्याण्णवपर्यंत सगळं बरोबर चाललं. चाचणीत आम्ही अठ्ठ्याण्णवपर्यंतच नेऊन बघितलं होतं. पाण्यानं शंभरी गाठली आणि त्याला वाटलं, उतरलं.”

“आणि आधी असं होत नव्हतं?” साहेबांनी विचारलं.

“आधी प्रश्नात शब्द होता. ‘हा आकडा म्हणून वाच.’ मला वाटलं, हे कोठीला आधीच सांगितलेलं असणार, परत कशाला. वेग वाढावा म्हणून मी तो काढला. आधी कुठंच सांगितलेलं नव्हतं. तो शब्द त्या एकाच ठिकाणी होता.” त्यांनी ठकूकडे बघितलं. “दोनदा सांगावं लागतं म्हणालात तुम्ही. मी हसले.”

ठकूला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं विळी ओढली, कलिंगड चिरलं आणि मोठी फोड पोरीच्या पुढं केली. पोरगी नको म्हणाली. ठकू म्हणाली, “खा. एवढं पळवून आणलंय, वाया घालवू नको.” पट्ट्या बांधलेल्या हातांना फोड धरता येईना, म्हणून तिनंच भरवली. पोरगी खात होती आणि रडत होती, बिया ओठाला चिकटल्या होत्या. लाल रस हनुवटीवरून गळत होता. माझ्याच्यानं ते बघवेना. मला अजून पाण्यावरची ती फळं दिसत होती. त्यानंतर मी कलिंगड खाल्लेलं नाही.

त्या वर्षी मी अक्षर शिकायला बसलो, उतारवयात. तो आकडा माझ्यासमोर पडद्यावर होता आणि मला तो नुसती रेघोटी दिसली होती, ते मनातून जाईना. मृण्मयीबाई महिनाभर चौकीवरच राहिल्या. दिवसा त्या अवजार दुरुस्त करायच्या आणि उन्हं कलली की मला गिरवायला लावायच्या. त्यांनी तो शब्द परत घातलाच, शिवाय अवजारच असं केलं की आकडा आहे का मजकूर हे स्पष्ट सांगितल्याशिवाय ते प्रश्न जुळवायलाच नकार देईल. अंदाज करायचा नाही. भोंग्याचंही बदललं. पाणी उतरलं की आता वेगळा, तुटक सूर वाजतो. नुसतं गप्प होणं म्हणजे काहीच नाही, हे त्यांनी वाड्यावाड्यांवर जाऊन, प्रत्येक झोपडीत बसून सांगितलं. काही म्हाताऱ्यांना दोनदा सांगितलं.

शेवटची चाचणी झाली तेव्हा सगळी आळी चिंचेखाली होती. मृण्मयीबाई एकेक आकडा घालत होत्या आणि मोठ्यानं वाचत होत्या. मीही त्यांच्या मागून वाचत होतो. पंच्याण्णवला भोंगा सुरू झाला. नव्याण्णव. शंभर आला. भोंगा वाजत राहिला. एकशे दोन, वाजत राहिला. दीडशेपर्यंत नेलं. गावातली कुत्री रडायला लागली, तरी वाजत राहिला.

“मावशी, आता थांबणार नाही,” बाई ठकूला म्हणाल्या. “काकांना आता खरंच घरी बसवा.”

ठकू कान देऊन ऐकत होती. सरळ, मोठा, एका सुराचा आवाज.

“चांगलं वाजतंय,” ती म्हणाली. “पण दांडा तेवढा काढू नका. ह्यांना अधनंमधनं फिरवू द्या. ह्याच्यावरनं मला पाण्याचं कळेल गं, ह्यांचं कसं कळायचं?”